शुइ-वांगच्या पाठीमागे

तैवानातल्या चियायी शहरात फान को-युनला दोन तऱ्हेच्या घरांतून फोन यायचे. एक, जिथे लग्न ठरलंय, आणि दुसरं, जिथे कुणीतरी गेलंय. मधल्या दिवसांत देवळांच्या मिरवणुका असत, एखादा कारखाना असे, कधी निवडणुकीला उभा राहिलेला एखादा असे. पण घर चालायचं ते लग्नांवर आणि मयतांवर.

ती आधी तैपेइला एका जाहिरात कंपनीत होती. तिथे काही वर्षं दुसऱ्यांची अक्षरं पडद्यावर नाचवून नाचवून तिला वीट आला, म्हणून ती गावी परत आली आणि एका नूडलच्या दुकानाची माडी भाड्याने घेऊन बसली. एक कॅमेरा, एक ड्रोन, एक थोराड कॉम्प्युटर. शूटिंग तीच करायची, कापाकापी तीच, आणि चित्रांत हालचाल आणायचं काम तर खास तिचंच होतं. गिऱ्हाइकांच्या मागण्या ऐकून तिचं मन रमायचं. "नवऱ्या मुलाचं नाव ड्रॅगनच्या तोंडातून बाहेर येऊ द्या." "आमच्या सासऱ्यांना ढगांवरून चालवा, पण हळू चालवा, त्यांना गुडघेदुखी होती." को-युन मान डोलवायची आणि ड्रॅगन जरा लहान करायची.

मयताची फिल्म निरोपाच्या दिवशी सभागृहात दाखवतात. घरचे लोक बिस्किटाच्या डब्यात भरलेले जुने फोटो आणून देतात, आणि को-युन ते हलते करते. म्हणजे असं, की फोटोतल्या माणसाला ती कडेकडेने कापून वेगळं काढायची आणि मागच्या देखाव्यापासून जरासं पुढे आणायची. माणूस किंचित सरकला, की बघणाऱ्याला वाटतं त्याने श्वास घेतला, आणि खुर्च्यांमधून हुंदके ऐकू येतात. पण माणूस कापून काढला की मागे त्याच्याच आकाराचं एक भोक राहतं. ते बुजवावं लागतं. मागे भिंत असेल तर भिंत, झाड असेल तर झाड. त्या माणसाच्या पाठीमागे खरोखर काय होतं, ते फोटोला ठाऊक नसतं. को-युन ते अंदाजाने भरायची, आणि आजवर कुणी तिला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नव्हतं.

एका वर्षी ऐन उन्हाळ्यात समुद्रकाठच्या बुदाइकडच्या एका गावातून छाय मेइ-चू नावाच्या बाईचा फोन आला. वडील गेले होते. छाय शुइ-वांग, जन्मभर मिठागरात राबलेले. को-युन स्कूटरवर सामान लादून गेली, तर गल्लीतच मांडव घातलेला. शेजाऱ्यांनी आपापल्या दारांवर लाल कागद चिकटवलेले, म्हणजे या घरातलं दुःख त्या घरात शिरायला नको. मांडवात धूप जळत होता आणि एका टेबलाभोवती बायका मयतासाठी जाळायची सोनेरी कागदाची कमळं दुमडत बसल्या होत्या. मेइ-चू पन्नाशीची, बुटकी, ठणठणीत आवाजाची. रडून रडून डोळे सुजले होते, पण तोंडाचा पट्टा चालू.

"हा घ्या," ती म्हणाली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक फोटो काढून तिने को-युनच्या हातावर ठेवला. "बाबांचा धड फोटो हा एवढाच. बाकीचे सगळे ओळखपत्रावरचे, त्यात ते चोर दिसतात."

"लग्नातले वगैरे असतील ना?"

"माझ्या लग्नात फोटोवाला स्टुलावर चढला की बाबांना लघवीला लागायची. दादाच्या लग्नात तेच. आहेत ना फोटो, पण त्यात त्यांची पाठ आहे नाहीतर नुसती टोपी."

मेइ-चूचा दादा शी-लुंग तिथेच उभा होता. उंच, वाकलेला, बाहीला काळी पट्टी लावलेला माणूस. तो म्हणाला, "हा मात्र उशीखाली घेऊन झोपायचे. तरुणपणी दिसायला बरे होते, म्हणून असेल."

फोटो काळापांढरा, कडांना पिवळा पडलेला. मागे मिठाची ढिगारी, छपरासारखी निमुळती. तिच्यासमोर वीस-बावीस वर्षांचा अनवाणी पोरगा, हातात मीठ ओढायचं लांब दांड्याचं फावडं. छाती पुढे काढून, पाय फाकवून उभा. इतका ऐसपैस, की जणू त्याला मागची ढिगारी झाकायची आहे. चेहऱ्यावर राग होता की हसू दाबलेलं होतं, ते नीट कळत नव्हतं.

"झकास आहे," को-युन म्हणाली. "यावरच फिल्म संपवू. आणि हीच जागा आज कशी दिसते तेही घेऊ."

मेइ-चू तिला घेऊन गेली. मिठागरं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. बांध खचलेले, वाफ्यांत गुडघाभर पाणी, कुठे कुठे तळाला बसवलेल्या जुन्या खापऱ्या वर आलेल्या. दुपारचं ऊन असं, की आभाळ आणि पाणी यांतली रेघ पुसून गेली होती. दूरवर बगळे उभे. माणूस म्हणून या दोघीच. को-युनने मेइ-चूच्या कॉलरला माइक लावला, तिला बांधावर उभं केलं, स्वतः बरीच लांब जाऊन कॅमेरा लावला आणि कानांवर हेडफोन चढवले.

"बाबांबद्दल काहीही बोला," ती ओरडली. "जे आठवेल ते."

मेइ-चू बोलू लागली. बाबा पहाटे यायचे, त्यांच्या पायांना कायम भेगा, त्या भेगांत मीठ जायचं तरी ओरडायचे नाहीत. मग ती थांबली आणि पाण्याकडे बघत राहिली. को-युनने तिला तसंच राहू दिलं. अशा गप्प बसण्याची किंमत शूटिंग करणाऱ्यालाच कळते.

तेवढ्यात कानात कुणीतरी हसलं.

मोठ्याने नाही. तोंडावर हात दाबून हसू आवरावं आणि तरी नाकातून फुटावं, तसं. अगदी माइकला ओठ लावल्यासारखं जवळ. को-युनने दचकून वर पाहिलं. मेइ-चू पाण्याकडे तोंड करून उभी होती, ओठ घट्ट मिटलेले. पुन्हा तेच खुदखुदणं. या खेपेला त्यात श्वासही होता.

को-युनने हेडफोन काढले आणि बांधावरून तिच्याकडे गेली. "काय झालं हसायला?"

"हसायला?" मेइ-चूने मान वळवली. "बाप मेलाय माझा. मी कशाला हसतेय?"

"वारा असेल," को-युन म्हणाली. वारा नव्हता. तिने सामान आवरलं आणि परतताना उगीचच स्कूटर जोरात मारली.

माडीवर आल्यावर तिने आधी ते ध्वनिमुद्रण ऐकलं. हसू होतं. तिने ते परत ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती फोटोवर बसली. खाली नूडलच्या दुकानात भांड्यांचा खणखणाट, खिडकीतून शिजत्या हाडांचा वास, गल्लीत पोरांचा गलका. नेहमीचीच दुपार. तिने शुइ-वांगला सावकाश कापून काढलं. बोटं, फावड्याचा दांडा, बांबूच्या टोपीची काडी न् काडी. भोक पडलं. शेजारच्या ढिगारीचे तुकडे उचलून ती ते भरत गेली. मीठच ते, भरायला सगळ्यात सोपं. मग पोराला जरासं डावीकडे सरकवलं आणि चालवून पाहिलं.

शुइ-वांग सरकला आणि त्याच्या मागे कुणीतरी उकिडवं बसलेलं होतं.

निमुळती टोपी, तिच्यावरून फुलांच्या कापडाने बांधलेलं तोंड, उन्हापासून चेहरा वाचवायला मिठागरातल्या बायका बांधायच्या तसं. दिसत होते ते फक्त डोळे.

को-युन हसली. असं होतं. ढगांत म्हातारा दिसतो, भिंतीच्या पोपड्यांत कुत्रा दिसतो. तिने चित्र मोठं केलं. मिठाचे दाणे होते, दुसरं काही नव्हतं. लहान केलं, तर मुलगी. पुन्हा मोठं केलं, मीठ.

तिने भरलेलं सगळं पुसून टाकलं. आता ढिगारीला हातच लावायचा नाही असं ठरवून तिने भोकात नुसतं आभाळ आणि खाली बांधाची रेघ भरली. कोरं, सपाट आभाळ. चालवून पाहिलं. शुइ-वांग सरकला, आणि ढिगारी नव्हती म्हणून की काय, मुलगी आता उभी होती. तिचा हात पुढे आलेला होता. शुइ-वांगच्या सदऱ्याचं टोक तिने मुठीत धरलं होतं.

को-युन खाली गेली आणि दुकानात जाऊन बसली. दुकानदार लाओ-गाओ म्हणाला, "काय गं, तोंड का पांढरं पडलंय? गिऱ्हाइकाने अक्षरं अजून मोठी करायला सांगितली?"

"नूडल्स दे रे बाबा," ती म्हणाली, "आणि जरा माझ्यासमोर बसून बोलत राहा."

तो बसला आणि आपल्या मेव्हण्याच्या तक्रारी सांगू लागला. को-युनने सगळ्या ऐकून घेतल्या. वर आल्यावर तिने पडद्याकडे नीट न बघताच ते भोक तिसऱ्यांदा मोकळं केलं आणि कॉम्प्युटरलाच सांगितलं, तूच भर. आता यात तिचा हात नव्हता, तिचा डोळा नव्हता. फिल्म तयार व्हायला लावून ती बाहेर निघून गेली. तयार झालेली फिल्म तिने पाहिली नाही. हे तिच्या धंद्याच्या रीतीला धरून नव्हतं, पण तिची छाती झाली नाही.

छाय मंडळींनी फिल्म मांडवातच, दिवसाउजेडी पाहिली. कमळांचे कागद बाजूला सारून को-युनने टेबलावर लॅपटॉप मांडला. शी-लुंग बसला, मेइ-चू बसली, आणि काओश्युंगहून आलेल्या थाओ आत्यालाही पुढे खुर्ची दिली. शुइ-वांगची ती धाकटी बहीण. ऐंशीच्या घरातली, वाळलेली, पण नजर सुईत दोरा ओवणारी. म्हातारीने भुईमुगाच्या शेंगा सोलत सोलत फिल्म पाहिली. लग्नाच्या फोटोंत नुसती टोपी उरलेला भाऊ पाहून म्हणाली, "बघा, पळतोय मेला." सगळे ओले डोळे पुसत हसले.

मग शेवटचा फोटो आला. शुइ-वांग सरकला.

म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आ-गिन," ती म्हणाली. आणि मग को-युनकडे वळून, चिडल्यासारखी, "तुला कुणी सांगितलं ती तिथे लपली होती म्हणून?"

"कोण, आत्या?" मेइ-चूने विचारलं. "मला तर मीठच दिसतंय."

"कोण काय विचारतेस! आमच्या दोघांच्या मधली. तुझी मोठी आत्या." म्हातारीने शेंगांचं भांडं खाली ठेवलं. "तुम्हाला कुणी सांगितलं नसणारच. शहरातून एक फोटोवाला आला होता, मिठागराचे फोटो काढायला. सगळी पोरं पुढे पुढे करत होती. आ-गिन सोळाची, तिला लाज भारी. कॅमेरा वर झाला की पळून दादाच्या पाठीमागे बसली आणि त्याच्या सदऱ्याला धरून खुदखुद खुदखुद हसायला लागली. दादा म्हणतोय, गप गं, मी हललो तर फोटो बिघडेल. ती अजून हसतेय. फोटोवाल्याला पण हसू. मी बाजूलाच होते, टोपलं घेऊन."

माइकमधल्या हसण्याचं को-युनने या घरात कुणालाच, मेइ-चूलाही, धडपणे सांगितलेलं नव्हतं.

"मग?" शी-लुंगने हळूच विचारलं.

"मग काय. त्याच पावसाळ्यात वादळ आलं. खाडीच्या उघाडीची, म्हणजे पाणी अडवायच्या दाराची, फळी अडकली. ती नाही पडली तर भरतीचं पाणी सगळ्या वाफ्यांत शिरून मीठ धुऊन नेणार. दादा तापाने फणफणलेला. आ-गिन म्हणाली, मी बघून येते. गेली ती गेली." म्हातारीने मांडीवरची टरफलं झटकली. "बिनलग्नाची पोर. मुलीचं नाव सासरच्या देव्हाऱ्यात लागायचं, घरच्या देव्हाऱ्यात लावता येत नाही. आईने तिचे कपडे जाळले आणि आम्हाला बजावलं, नाव काढायचं नाही. दादाने काढलं नाही कधी. त्यानंतर कॅमेऱ्यासमोर उभाही राहिला नाही. हा फोटो मात्र ठेवला. तिचा एकच फोटो आहे, आणि त्यात ती दिसत नाही."

को-युनने बॅगेतून हेडफोन काढले आणि म्हातारीच्या कानांवर ठेवले. का ते तिचं तिलाच कळलं नाही. फाइल लावली. म्हातारी ऐकत राहिली, तोंड उघडं पडलं, आणि मग तिचं सुरकुतलेलं तोंड हळूहळू मुलीसारखं हसायला लागलं. डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी.

"तीच," ती म्हणाली. "नाक वाजायचं तिचं हसताना."

शी-लुंगने ते हेडफोन घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. तो उठून उभा राहिला. "फान बाई, हे काढून टाका."

"दादा!" मेइ-चू म्हणाली.

"तू गप बस. माझ्या पोरीचं लग्न आहे थंडीत. घरातली बिनलग्नाची गेलेली बाई आपण होऊन बोलवायची, सगळ्यांसमोर? एकदा बोलावली की ती जागा मागते. कुठे देऊ जागा? कुणाच्या मानगुटीवर?" त्याचा आवाज चढला, पण त्यात रागापेक्षा भीतीच जास्त होती. "मला त्या बिचारीबद्दल वाईट वाटतंय. पण नको."

को-युन म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. मी काढते."

आणि तिने काढलं. कापाकापीच नको. शुइ-वांगला तसाच, न हलवता ठेवला. नुसता स्थिर फोटो, त्याच्या मागे काही भरायचं नाही की उघडायचं नाही. सुटल्यासारखं वाटलं तिला.

पण या घरात दर गोष्ट वडिलांना विचारूनच व्हायची. जेवण वाढलं की शी-लुंग दोन नाणी ओंजळीत धरून फोटोपुढे विचारायचा, "बाबा, जेवलात का?" आणि जमिनीवर टाकायचा. एक नाणं चीत आणि एक पट पडलं की वडील हो म्हणाले. दोन्ही पट पडली तर नाही. दोन्ही चीत पडली तर ते हसतायत, म्हणजे प्रश्न नीट विचारा. फिल्म बदलून झाली तशी को-युनच्या समोरच त्याने विचारलं, "बाबा, फिल्म झालीय. अशी चालेल ना?"

दोन्ही चीत.

"हसतायत," मेइ-चू म्हणाली.

शी-लुंगने पुन्हा टाकली. दोन्ही चीत. पुन्हा. तसंच. त्याने प्रश्न बदलून पाहिला, नाणी बदलून पाहिली, अनवाणी होऊन पाहिलं. नाणी फरशीवर गरगरायची, खळखळायची, आणि दोन्ही तोंडं वर करून पडायची. कमळं दुमडणाऱ्या बायकांचे हात थांबले. एक शेजारीण उठून मुकाट्याने घरी गेली. नाण्यांच्या त्या खळखळीत को-युनला दुसरंच काही ऐकू येऊ लागलं होतं, आणि तिने मेइ-चूचा दंड धरला. मेइ-चूचाही दंड थंडगार होता.

शेवटी थाओ आत्या खुर्चीवरून उठली, शी-लुंगच्या हातातून नाणी घेतली आणि भावाच्या फोटोकडे पाहून म्हणाली, "पुरे झालं आता, पोराला किती छळशील? सरळ सांग. आ-गिन दिसली पाहिजे तुला?"

एक चीत, एक पट.

शी-लुंग भिंतीला टेकून खाली बसला. मग म्हणाला, "आधीचीच लावा, बाई."

निरोपाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. गावची माणसं, जुने मिठागरवाले, काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या. को-युन मागे, आपल्या यंत्राजवळ उभी होती. फिल्म सुरू झाली. फोटोवाल्यापासून पळणाऱ्या शुइ-वांगच्या टोपीवर लोक खिदळले, पायांच्या भेगांची आठवण ऐकून गप्प झाले. मेइ-चू बोलायची थांबून रिकाम्या मिठागरात उभी राहिली तो भाग आला. तिथलं मुद्रण को-युनने बंद ठेवलं होतं, नुसता बासरीचा सूर सोडला होता.

मग तो फोटो.

भोक कॉम्प्युटरने भरलं होतं, पण हालचालीचा सांधा न् सांधा को-युनने स्वतः रचला होता. हालचाल तिने दिली होती ती फक्त शुइ-वांगला. मागचा भाग दगडासारखा स्थिर. तो हलूच शकत नव्हता. शुइ-वांग डावीकडे सरकला, मुलगी दिसली. आणि मग मुलगीही सरकली. सदऱ्याचं टोक हातात धरून, वाकून, भावाच्या पाठीमागे. त्याच्या कुशीच्या वर एक डोळा आणि टोपीची कड एवढंच आता उरलं. तो डोळा सभागृहाकडे बघत होता.

को-युनने यंत्र बंद करायला हात नेला, पण बंद केलं नाही.

सगळ्यांनी ते पाहिलं असं नाही. नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं, फोटो छान होता, मीठ काय चमकत होतं. पण पुढच्या रांगेत एका म्हाताऱ्या मिठागरवाल्याने टोपी काढून छातीशी धरली. आणि शी-लुंगची मुलगी, जिचं थंडीत लग्न होतं, तिने बापाला कोपराने ढोसून विचारलं, "बाबा, आजोबांच्या मागे ती कोण हो?"

शी-लुंग तिच्याकडे वाकला. "तुझी आत्याआजी," तो म्हणाला. "लाजाळू आहे ती. बोट दाखवू नकोस."

तेवढ्यात थाओ आत्या आपल्या खुर्चीवरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाहेर ये गं, आ-गिन. फोटोवाला केव्हाच गेला."

पडदा पांढरा झाला. फिल्म संपली होती. लोक उठले, धूप पेटला, ब्रासबँडवाल्यांनी बाहेर कर्णे लावले. को-युनने यंत्र आवरलं तेव्हा तिच्या हातांना मिठासारखं काहीतरी कोरडं कोरडं लागत होतं. ती हात धुवून आली आणि त्याबद्दल कुणाशी बोलली नाही.

थंडीतलं लग्न सुखरूप पार पडलं. तेही शूटिंग को-युननेच केलं. त्यानंतर काही दिवसांनी मेइ-चूचा फोन आला. बिनलग्नाच्या गेलेल्या मुलींसाठी एक लहानसं देऊळ आहे, तिथे आ-गिनचं नाव लावणार होते. दादानेच सगळं ठरवलंय, ती म्हणाली. नावाची पाटी त्याने स्वतः रंगवून घेतलीय. "तुम्ही याच. तुमच्याशिवाय कसं."

देऊळ गावाबाहेर, शेतांच्या कडेला. आत ओळीने पाट्या, प्रत्येकीपुढे कंगवा, पावडरची डबी, छोटा आरसा. थाओ आत्याने फुलांच्या कापडाचा एक तुकडा आणला होता. शी-लुंगने पाटी ठेवली, गुडघे टेकले, आणि कपाळ जमिनीला लावून बराच वेळ तसाच राहिला. उठताना म्हणाला, "आत्या, उशीर झाला. घरच्यांवर राग धरू नका." कुणी नाणी टाकली नाहीत.

मग बाहेर पायऱ्यांवर सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचं ठरलं. नवी जोडी, पोरंबाळं, शी-लुंगची बायको, मेइ-चू, मधे खुर्चीवर म्हातारी. को-युनने कॅमेऱ्याला डोळा लावला. चौकटीत सगळी माणसं आली होती, पण म्हातारीच्या उजव्या हाताला मोकळी जागा राहिली होती. एक माणूस मावेल एवढी. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या जागेच्या पलीकडे मेइ-चू अशी तिरकी उभी होती, की शेजारच्याला धक्का लागू नये.

"जरा आत सरका ना," को-युन सवयीने म्हणाली. "मधे जागा राहतेय."

कुणी सरकलं नाही. बहुतेक जण हसत होते, कॅमेऱ्याकडे बघत होते. पोरंसुद्धा चुळबुळ न करता उभी होती.

"राहू दे," थाओ आत्या म्हणाली. तिची मान किंचित उजवीकडे कलली होती, कुणी कानात काही सांगत असावं तशी. "लवकर काढ बाई. ही हसायला लागली की थांबायची नाही."

को-युनचं बोट बटणावर होतं. तिने एक पाऊल मागे घेतलं, चौकट जरा रुंद केली आणि फोटो काढला.

मग सगळे देवळामागच्या मांडवात जेवायला गेले. कालवं घातलेला भात होता, मेइ-चूने केलेला. को-युनच्या ताटात तिने दोनदा वाढला आणि म्हणाली, "खा गं, अगदीच वाळलीस. रात्ररात्र त्या यंत्रासमोर बसतेस ना?" को-युन जेवली. कॅमेरा बॅगेत होता, बॅग तिच्या पायाशी होती. घरी गेल्यावर तो फोटो ती उघडून बघणार होती की तसाच छाय मंडळींकडे पाठवून देणार होती, ते अजून तिचं ठरत नव्हतं.